परत आलेला माणूस

नाना गेले तेव्हा पहाटेचे चार वाजले असावेत. असावेत अशासाठी म्हणतो, की नक्की कुणी पाहिलं नाही. काकी पाच वाजता चहा घेऊन पडवीत आल्या. नाना कॉटवर सरळ झोपलेले, घोंगडं छातीपर्यंत, दोन्ही हात घोंगड्याबाहेर अंगालगत. अठरा वर्षं पलटणीत आणि पुढची चाळीस वर्षं गावात, रोज चारच्या ठोक्याला उठणारा माणूस पाचला झोपलेला दिसला, तेव्हाच काकी काय ते समजल्या. त्यांनी कप जमिनीवर ठेवला, वर बशी झाकली आणि आमच्या दाराची कडी वाजवली. मी त्या आठवड्यात गावी होतो. दार उघडलं तर म्हणाल्या, "नानाला बघ जरा." बाकी काही नाही.

२०२४चा फेब्रुवारी होता. ज्वारी काढणीला आलेली. त्यामुळं माणसं गोळा करायची तर रानोमाळ फिरावं लागलं.

गाव त्यांना मेजर म्हणायचं. आमच्याकडं पलटणीतनं पेन्शनवर आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो, मग तो शिपाई असो, हवालदार असो की लंगरचा आचारी. नाना नायक म्हणून बाहेर पडले. नायक म्हणजे दंडावर दोन फिती. "मी नायक हाय, मेजर न्हवं," असं ते भेटेल त्याला सांगायचे आणि समोरचा "बरं मेजर" म्हणून पुढं जायचा. शेवटी शेवटी त्यांनी नाद सोडला. मात्र पोस्टानं आलेल्या एखाद्या लग्नपत्रिकेवर 'मेजर' छापलेलं दिसलं, तर पेनानं ते खोडून ठेवायचे.

आमचं गाव माणदेशात. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथं पाऊस मोजून दमायला होतं. दुसऱ्या टोकाला आम्ही. सह्याद्रीनं अडवून उरलासुरला पाऊस आमच्याकडं येतो, तोही आला तर. ह्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या तीनच वाटांनी बाहेर पडली: मेंढरं घेऊन, मुंबईच्या गोदीत नाहीतर गिरणीत, आणि पलटणीत. देशभक्ती नसते असं मला म्हणायचं नाही. पण ज्या घरात चार भाऊ आणि पाच एकर कुसळं उगवणारं रान, तिथं थोरल्यानं घर सांभाळायचं आणि धाकट्यानं भरतीला जायचं, हे कुणी ठरवावं लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्याचा स्मृतिस्तंभ तिथं उभा आहे. आमचं गाव काही अपशिंगे नव्हे. आमच्याकडं स्तंभ नाही. पारावर बसलेली चार-पाच म्हातारी आहेत एवढंच. आता त्यातलं एक कमी.

नाना १९६६ साली भरती झाले, अठरा वर्षांचे असताना. १९६२च्या चीनच्या लढाईनंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं तेव्हा म्हटलं जायचं, आणि साताऱ्याच्या पोरांना आपल्याच घरचा माणूस दिल्लीला बोलावतोय असं वाटलं असणार. नानांना मात्र तसं काही वाटल्याचं आठवत नव्हतं. ते म्हणायचे, "दोन वर्सं पाऊस न्हवता. बेळगावला दोन टायमाला जेवाण मिळतंय असं कुणीतरी म्हनलं." बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. तिथनं तयार होऊन ते पहिल्या बटालियनला गेले, म्हणजे १७६८ सालची जंगी पलटण.

लग्न होऊन दोन महिने झाले आणि रजा संपली. पुढची कितीतरी वर्षं ते गावाला माहीत होते ते पाकिटावरच्या पत्त्यानं: केअर ऑफ ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. पूर्वेकडच्या सगळ्या पलटणींची टपाल ह्याच एका पत्त्यावर जायची, त्यामुळं माणूस नागालँडात आहे, आसामात आहे की कुठल्या नदीकाठी, हे घरच्यांना कधी कळायचं नाही. माझ्या थोरल्या आत्याला नव्याण्णव एपीओ हे गाव आहे असंच वाटायचं. ती सातवी शिकलेली, म्हणून काकींच्या घरची पत्रं तीच लिहायची आणि वाचून दाखवायची. नानांचं पत्र वडलांच्या नावानं यायचं, 'तीर्थरूप' म्हणून सुरू व्हायचं. खुशाली, मनिऑर्डर किती, बैल विकू नका, आणि शेवटी 'घरातील सर्व लहानथोर मंडळींस नमस्कार व आशीर्वाद'. बायकोचं नाव लिहायची रीतच नव्हती. आत्या सांगायची, की काकी दाराआड उभ्या राहून पत्र ऐकायच्या. 'सर्व मंडळी' आले, की आपली पाळी झाली हे ओळखून आत निघून जायच्या.

१९७१च्या डिसेंबरात नाना जमालपूरला होते. आत्ताच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठी. तिथली एक गोष्ट आम्ही पोरांनी शंभर वेळा तरी ऐकली असेल. दर २६ जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली, की नाना पारावर बसायचे. अंगात कोट, कोटावर पदकं: पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि आणखी दोन. आम्ही म्हणायचो, "नाना, चिठ्ठीची गोष्ट."

ती गोष्ट खरीच आहे, पुस्तकांतनंही आली आहे. जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पाय रोवून बसली होती. आपल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदित सिंग क्लेर यांनी ९ डिसेंबरला त्यांच्या कर्नलला, सुलतान महमूदला, चिठ्ठी पाठवली: वेढले गेला आहात, शरण या. चिठ्ठी घेऊन मुक्तिवाहिनीतले, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली फौजेतले, एक मुन्शी गेले. त्यांना तिथं मारहाण झाली, पण उत्तर देऊन परत पाठवलं. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. आणि मजकुराचा मतलब असा, की पुढच्या वेळी तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसेल अशी आशा आहे.

इथं नाना थांबायचे. आम्ही विचारायचो, "मग?"

"मग काय. धा तारखेच्या रातीला तेच फुटून बाहीर निघालं, आमच्या अंगावर आलं. आमी रस्ता धरून बसलो व्हतो." इथं खिशातनं बिडी काढायची, काडी ओढायची, दोन झुरके. "सकाळी जमालपूर आपलं. आन् सोळा तारखंला ढाका."

रात आणि सकाळ यांच्या मधली ती बिडी. लहानपणी आम्हाला वाटायचं ते मुद्दाम थांबतात, गोष्टीत मजा आणायला. पुढं कॉलेजात असताना वाचलं, तेव्हा कळलं की त्या एका रात्रीत त्या रस्त्यावर पलीकडची दोनशेच्या वर माणसं पडली होती. नाना तेवीस वर्षांचे होते. त्यानंतर मी ती गोष्ट सांगा म्हणून कधी म्हटलं नाही.

विजय मिळवून आलेला सैनिक रजेवर घरी येतो, त्याचं स्वागत वगैरे. आमच्याकडं त्याला जरा उशीर झाला. नानांना मोठी रजा मिळाली ती पुढच्या वर्षी, आणि पुढचं वर्ष म्हणजे १९७२. माणदेशातल्या कुठल्याही म्हाताऱ्यासमोर नुसतं 'बहात्तर' म्हणा, साल आहे हे सांगावं लागत नाही. नाना ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यापासून चालत आले तर घराला कुलूप. म्हाताऱ्या आईनं शेजारच्या ओट्यावरनं सांगितलं, "खडी फोडाया गेल्याती." दुष्काळी कामावर, रस्त्याच्या कडेला, शंभरभर बायकांच्या रांगेत काकी खडी फोडत होत्या. मनिऑर्डर येत होती, पण पैसे घेऊन जायचं कुठं? दुकानात धान्य नव्हतं. कामावर गेलं की हजेरी मिळायची आणि सुकडी मिळायची. रेशनला मिलो नावाची लाल ज्वारी.

नाना युनिफॉर्मवरच तिथं गेले. काकी सांगतात, "मी वळखलंच न्हाय. वाटलं मुकादम बदलला." ह्या वाक्यावर त्या अजून हसतात. नानांनी टोपी काढली, काकींच्या हातातला हातोडा घेतला आणि फोडायला बसले. रजेचे पुढचे दिवस रोज गेले. हजेरीपटावर नाव नाही, मजुरी नाही. मुकादम म्हणाला, मिलिटरीच्या माणसानं असलं काम करू नये. नाना म्हणाले, मग कुठलं करू ते सांग. तो रस्ता अजून आहे. आता डांबरी. माझी गाडी त्याच्यावरनं येते.

नाना १९८४ साली पेन्शनवर आले. डिस्चार्ज बुकात चारित्र्यापुढं इंग्रजीत 'एक्झेम्प्लरी' असं लिहिलेलं. त्याचा अर्थ विचारायला ते माझ्याकडं आले होते, मी तेव्हा पोरगा होतो, मी सांगितलं 'उदाहरणार्थ'. बरीच वर्षं ते स्वतःला उदाहरणार्थ समजत होते.

हातात आलेले सगळे पैसे त्यांनी विहिरीत घातले. शब्दशः. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणाड्यानं हातावर नारळ घेऊन जागा दाखवली. सुरुवातीचे हात-दोन हात माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंग लावायला माणूस यायचा, पण भोकं पाडायला नाना स्वतः उतरायचे. भावांनी वेड्यात काढलं. कोरेगावला प्लॉट घे म्हणाले, मुलाच्या शिक्षणाला ठेव म्हणाले. साठ फुटांवर पाणी लागलं, म्हणजे ओल आली आणि ओलीचं पाणी झालं. पण ते पाणी संक्रांतीपर्यंत पुरायचं. संक्रांतीनंतर विहीर म्हणजे नुसता कोरून ठेवलेला अंधार. नाना रोज सकाळी जाऊन कठड्यावर हात ठेवून आत बघायचे, जसं काही रात्रीत बदल झाला असेल.

मग तालुक्याच्या एका बँकेत पहारेकरी. बारा बोअरची दुनळी बंदूक घेऊन दाराशी स्टूल. चोवीस वर्षांत ती बंदूक एकदाही उडाली नाही, याचं त्यांना जरा जास्तच समाधान होतं. मुलगा पुण्याला कंपनीत लागला. 'वन रँक वन पेन्शन'चा निर्णय २०१५मध्ये झाला, फरकाची रक्कम सहा-सहा महिन्यांनी चार हप्त्यांत आली, आणि पहिल्या हप्त्यात नानांनी काय केलं असेल? विहिरीतला गाळ काढला.

त्यांनी मला त्या रात्रीबद्दल एकदाच काही सांगितलं, तेही त्याबद्दल सांगतोय असं न दाखवता. २०१८चा उन्हाळा. पाणी अडवायच्या वॉटर कप स्पर्धेमुळं अख्खा माण तालुका डोंगरावर चर खणत होता. मी चार दिवस रजा टाकून, पांढरा बनियन आणि नवं कोरं टिकाव घेऊन श्रमदानाला आलेला शहरी माणूस. नाना सत्तरीचे. सगळ्यांना रांगेत लावणं, दोरी धरणं, पावलानं मोजणं हे त्यांच्याकडं. मुरुमावर माझा टिकाव नुसता वाजत होता, तळहाताला फोड आले होते. नाना शेजारी बसले आणि म्हणाले, "बंगालात मोर्चा खोदाया पहार लागली न्हाय कवा. फावडं घातलं की लोणी. दीड हातावर पानी."

मी म्हटलं, "मग तिथं शेती करायला पाहिजे."

"दुसऱ्या दिवशी बी खोदलं आमी," ते म्हणाले. "त्यांच्यासाठी. लांबलचक." मग बराच वेळ समोरच्या टेकडीकडं बघत राहिले. "माती लई चांगली व्हती."

एवढंच. उठले आणि पलीकडच्या पोरांना चराचा उतार चुकलाय म्हणून ओरडायला गेले.

शेवटची दोन-तीन वर्षं पहाटेची त्यांची एक ड्यूटी असायची. खडी फोडलेल्या त्याच रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की पूर्ण मार्क. नाना मैलाच्या दगडावर एचएमटीचं घड्याळ घेऊन बसायचे. आता अग्निवीर म्हणून घेतात, चार वर्षांनी चारांतले तीन परत. नानांना त्याच्यावर बोलायला आवडायचं नाही, पोरांसमोर तर नाहीच. मला एकदा म्हणाले, "चार वर्सांत तर बूट बसत्यात पायाला."

आणि नोव्हेंबरातला तो हयातीचा दाखला. यंत्रावर अंगठा ठेवायचा की जिवंत असल्याचं वर कळतं. नानांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नव्हत्या. पहारीनं, हातोड्यानं, खताच्या पाटीनं झिजलेल्या. यंत्र 'नाही' म्हणायचं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आजोबा, जुळत नाही. नाना म्हणाले, "मी हाय की हितं उभा." तो म्हणाला, तुम्ही आहात, पण जुळत नाही. डोळ्याच्या यंत्रासाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी यावं लागलं.

हे सगळं त्या दिवशी मला ओळीनं आठवत होतं असं नाही. त्या दिवशी वादच जास्त झाले.

शेजारच्या गावात काही वर्षांमागं काश्मीरमध्ये कामी आलेल्या एका जवानाला आणलं होतं. फाट्यापासून घरापर्यंत रांगोळ्या, दोन्ही बाजूंना शाळेची पोरं, ट्रकवर फुलं, मंत्री, कलेक्टर, बंदुकीच्या फैरी. नाना गेले होते. गर्दीत सगळ्यात मागं उभे होते आणि तसेच चालत परत आले. "चोवीस वर्साचं पोरगं," एवढंच म्हणाले. आमच्या गावातल्या तरुण मंडळाच्या डोळ्यांसमोर तेच चित्र होतं. सैनिक गेला म्हणजे असं करायचं असतं. दहा वाजेपर्यंत फ्लेक्स आला, त्यावर 'मेजर' होतंच. मग एकानं घरातनं तिरंगा आणला, २०२२च्या 'हर घर तिरंगा'त घेतलेला, पॉलिएस्टरचा, घड्या पडलेला. नानांवर पांघरायला.

वाडीवरनं एक निवृत्त सुभेदार आले होते. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. त्यांनी काठी आडवी धरली. "ह्यो घालायचा न्हाय."

पोरं चिडली. देशासाठी लढलेला माणूस, त्याला झेंडा नाही? सुभेदारांनी शांतपणं सांगितलं, की झेंडा कुणाच्या अंगावर घालायचा ह्याला कायदा आहे. शासकीय इतमामानं, नाहीतर सैन्यानं अंत्यविधी केला तर. घरच्या मयताला कुणी उठून घालायचा नाही. हा कायदाही गमतीनं त्याच १९७१च्या डिसेंबरातला, ढाका पडल्यावर आठवड्यानं झालेला. हे मात्र सुभेदारांनी सांगितलं नाही, मी नंतर पाहिलं.

एक पोरगा म्हणाला, "म्हणजे लढाईत मेला असता तर चाललं असतं?"

सुभेदार म्हणाले, "व्हय."

कुणी काही बोललं नाही. त्या 'व्हय'पाशी मी अजून अडलेलो आहे. सुभेदारांचं चुकलं असं मला वाटत नाही, ते नियमाला धरून होते आणि नानांनीही हेच सांगितलं असतं. पण पोरगाही चुकीचं विचारत नव्हता. मेलेल्या सैनिकाचं काय करायचं हे आम्हाला पाठ आहे. जो परत आला, ज्यानं खडी फोडली, कोरडी विहीर खणली, बँकेच्या दाराशी चोवीस वर्षं बसला आणि पंचाहत्तरीत अंथरुणात गेला, त्याच्यासाठी आमच्याकडं एक शब्द तयार आहे, 'मेजर', आणि तोही चुकीचा.

झेंडा घडी करून परत गेला. स्मशानात कुणीतरी म्हणालं, निदान बिगुल तरी. एका पोरानं मोबाइलवर 'लास्ट पोस्ट' लावलं. आधी जाहिरात लागली, गुडघेदुखीच्या तेलाची, ती पाच सेकंद सगळ्यांनी माना खाली घालून ऐकली. मग बिगुल सुरू झाला आणि मध्येच रेंज गेली. सुभेदार आणि दुसरे तीन म्हातारे तोपर्यंत सावधान होऊन उभे होते. एकाच्या डोक्यावर हिरवी बेरे टोपी, बाकीच्यांच्या गांधी टोप्या. एकाचा उजवा खांदा धरलेला, त्यानं डाव्या हातानं उजवं कोपर उचलून सॅल्यूट केला. बिगुल बंद पडला तरी ते हात खाली घेईनात. बहुतेक तो पूर्ण वाजायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्यांच्या अंगात मोजलेला होता.

तेराव्यानंतर मुलानं आणि मी ट्रंक उघडली. फॅमिली पेन्शनसाठी कागद हवे होते. डिस्चार्ज बुक, पेन्शनची ऑर्डर, मेडलांचा डबा, एचएमटीचं एक बंद घड्याळ. पेन्शनच्या कागदावर बायकोच्या नावापुढं भलतंच नाव होतं. आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर तेच, मतदार यादीत तेच, आणि सैन्याच्या कागदांत दुसरंच. मुलगा घाबरला. ही दुसरी बाई कोण, असा विचार एक क्षण माझ्याही मनात आला, खोटं कशाला सांगू. मग मी काकींना विचारलं, हे नाव कुणाचं?

काकी जात्याजवळ बसून हुलगं निवडत होत्या. म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं.

"माझंच हाय," त्या म्हणाल्या. "म्हायेरचं. लग्नात बदाललं. तांदळात लिवलं व्हतं नवं." सूप मांडीवर तसंच राहिलं. "पन्नास-पंचावन वर्सं झाली, ह्या नावानं कुणी हाक न्हाय मारली. त्यांनी बी न्हाय." मग जरा वेळानं, "त्यांना ठावं व्हतं, हेच मला ठावं न्हवतं."

दोन नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. ते मी टाइप करून आणलं. शेवटी खाली रिकामी जागा होती. काकींनी पदराला हात पुसला, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर धरून मला म्हणाल्या, "दोन नावं हायती, तर दोनदा लावायचा का रं?"